चाकू, खानदेशातील जुने

पाते मुठीत मिटणारे, खिशात बाळगण्याजोगे जुने चाकू व त्यांच्यापूर्वी कापण्या-तासण्यासाठी वापरली गेलेली पाती खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, तीन ठिकाणी सापडतात : नदीकाठच्या पांढरीत, घरातील जुन्या पेटीत आणि भंगाराच्या ढिगात. यांपैकी पहिल्या ठिकाणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे. उरलेल्या दोहोंकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात उत्तर पुराणाश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकाखाली एक मिळाले. तेथील शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव तुकडा सु. २५,००० वर्षांपूर्वीचा मानतात; त्याच स्थळी दगडी पातीही मिळाली. अशी लहान पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवून वापरीत. ताम्रपाषाणयुगात प्रकाशे व बहाळ येथील वसाहतींत तांबे दुर्मिळ होते, त्यामुळे कापण्याचे रोजचे काम कॅल्सेडोनीच्या लांबट, समांतर कडांच्या पात्यांवरच चाले. सावळदा संस्कृतीच्या मृद्‌भांड्यांवर तर हत्यारांचीच चित्रे रंगविलेली आढळतात. तापी व गोमई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये, तर गिरणेकाठच्या बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ व १९५६-५७ मध्ये उत्खनन केले. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाणयुगीन थरांच्या वर लोखंडी वस्तूंचे थर लागले. येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात येते. हजारो वर्षांपूर्वीचे दगडी पाते आजही बोट कापू शकते; त्यानंतर पुष्कळ काळाने आलेले लोखंडी पाते मात्र कपाशीच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत बहुधा गंजाचा आकारहीन गोळा होऊन हाती येते.

मिटणारा चाकू ही कल्पना फार जुनी असून ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमाराचा हाडाच्या मुठीचा नमुना मिळाला आहे. पाठीमागे स्प्रिंग असलेला चाकू सतराव्या शतकात इंग्लंडातील शेफील्ड येथे रूढ झाला. भारतातील दप्तरी व्यवहारात चाकूचे प्रमुख काम बोरू तासण्याचे होते. टोकाचा छेद किती तिरपा, यावर मोडी अक्षराची जाडी ठरे. त्यामुळे कुळकर्णी व कारकून यांना बोथट चाकू परवडण्यासारखा नव्हता. धुळे येथे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जुने कागद मोठ्या निष्ठेने जपले. ज्या चाकूंनी ते बोरू तासले गेले, त्यांना हे भाग्य क्वचितच लाभले. १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशात आली आणि मुंबई बंदरात उतरणारा विलायती माल येथील बाजारपेठांच्या आटोक्यात आला.

जुन्या चाकूचा काळ ठरविण्याचे मुख्य साधन म्हणजे पात्याच्या मुळाशी असलेला ठसा होय. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या पेढीची तारा व माल्टीज क्रॉस ही मुद्रा १७६४ पासूनची आहे. मुकुटासह व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असल्यास चाकू सामान्यतः १९०१ पूर्वीचा समजतात. नकली ठसेही पुष्कळ होते. जर्मनीतील मालावर शेफील्डचे नाव घालण्याच्या प्रकारांमुळे ब्रिटनमध्ये १८८७ चा व्यापारी चिन्हांविषयीचा कायदा झाला. पाते मुळातच न गंजणाऱ्या पोलादाचे असेल, तर ते १९१३ पूर्वीचे असू शकत नाही, कारण त्या वर्षी हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्ड येथे ते पोलाद तयार केले. ठसा नसलेला, हाताने घडविलेला देशी चाकू कोणत्या गावच्या लोहाराचा अथवा फिरत्या घिसाड्याचा, हे केवळ तो बाळगणाऱ्या घरालाच सांगता येते. घरातील वृद्धांबरोबर ही माहिती नष्ट होते आणि चाकू वजनावर विकला जातो.

दुरुस्तीत सर्वांत मोठी हानी अतिउत्साहाने होते. सुट्या गंजावर केरोसीन किंवा हलके तेल काही दिवस मुरू देऊन तो लाकडाच्या अगर पितळेच्या पट्टीने खरवडावा. सांध्यातील मळ निघण्यापूर्वी पाते बळाने उघडल्यास स्प्रिंग तुटते. खोल गंजासाठी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात सौम्य विद्युत्‌प्रवाह सोडतात. परंतु त्यापूर्वी मूठ व पितळी अस्तर वेगळे करावे लागते. टॅनिक अम्लाने गंजाचे निळसर काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. हिरडा व लोहक्षार यांपासून शाई करणाऱ्यांना हीच क्रिया व्यवहाराने ठाऊक होती. पूर्वी शिकलगार लाख व कुरुंदाच्या साणेवर धार लावीत. विजेच्या वेगवान चाकावर पाते निळे पडेपर्यंत तापले, तर त्याचे पाणी उतरते व ते पुन्हा धार धरीत नाही. याशिवाय अशा घासण्यात ठसा पुसला जातो आणि वारंवार धार लावून झिजलेल्या पात्याची मूळ आकृतीही जाते. चकचकीत झालेला चाकू अभ्यासाच्या दृष्टीने बहुधा मुका झालेला असतो.

जमिनीतून निघालेल्या लोखंडाला हे घरगुती उपाय लागू पडत नाहीत. त्यात मुरलेल्या क्लोराइडांमुळे वस्तू बाहेर काढल्यावरही आतून फुटत राहते. ती प्रयोगशाळेत अल्कधर्मी द्रावणात दीर्घकाळ ठेवून, नंतर अगदी कोरड्या हवेत सांभाळावी लागते. ती उचलली की थराचा पुरावाही संपतो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तूविषयक अधिनियमाखाली येऊ शकते.

मुठीची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते. हाड, शिसवी लाकूड, सेल्युलॉइड, हस्तिदंत व सांबरशिंग हे पदार्थ प्रचलित होते. शेफील्डचे कारागीर सांबरशिंग मोठ्या प्रमाणावर भारतातूनच मागवीत. म्हणजे विलायती म्हणून विकत घेतलेल्या चाकूची मूठ पुष्कळदा येथल्याच जंगलातून गेलेली असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे आता तुटलेल्या मुठीसाठी नवे शिंग अथवा हस्तिदंत विकत घेता येत नाही. अशा वेळी मूळ तुकडा चिकटवून ठेवतात किंवा म्हशीचे शिंग बसवितात.