‘कायम’ या शब्दाचा हिशेब

एका मराठी कथेचा हिंदी अनुवाद करताना मी एका शब्दापाशी दोन दिवस अडले. कथेतले मास्तर तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात शिकवतात आणि कॉलेज आहे ‘कायम विनाअनुदानित’. ‘विनाअनुदानित’चं काही ना काही करता येतं, अडचण होती ती ‘कायम’ची. मराठी नोकरदाराच्या तोंडी ‘कायम होणं’ म्हणजे नोकरी पक्की होणं, पेढे वाटावेत अशी गोष्ट. इथे मात्र कायम झाली होती ती अनुदान नसण्याची अवस्था. हा शब्द आला कुठून, ते शोधताना मला शासन निर्णयांकडे वळावं लागलं.

अनुदानाची पद्धत १८५४च्या वुडच्या खलित्यापासूनची. शाळा खासगी संस्थांनी चालवाव्यात, सरकारने तपासणी करून मदत द्यावी, असा तो व्यवहार. कुणाच्या शिक्षणावर किती खर्च करावा, हा वादही जवळपास तेवढाच जुना. शेतकऱ्यांच्या पैशातून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चावर जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे बोट ठेवलं आणि प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला.

अकरावी-बारावी या वादात मधोमध सापडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला आणि १९७५मध्ये त्यानुसार पहिली दहावीची परीक्षा झाली. पुढची दोन वर्षं कुठे शाळेला जोडली गेली, कुठे महाविद्यालयाला. नाव महाविद्यालयाचं, कारभार शालेय शिक्षण खात्याचा. २००९चा शिक्षणहक्क कायदाही ६ ते १४ वयापुरताच आहे. सोळा वर्षांच्या मुलीचं शिक्षण तिच्या तुकडीला अनुदान आहे की नाही यावर अवलंबून राहिलं.

एके काळी विनाअनुदानित शाळाही काही वर्षांनी टप्प्याटप्प्याने ‘ग्रँटवर येईल’ अशी आशा असे. त्या आशेवरच माणसं कमी पगारात, कधी बिनपगारी शिकवत. २००१मध्ये नव्या परवानग्या ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर देण्याचं धोरण आलं आणि एका विशेषणाने ती वाट बंद केली. शाळा उघडल्या, कारण गावांना त्या हव्याच होत्या. पण जिथे पालकांकडे फीला पैसे नाहीत, तिथे शिक्षकाचा पगार निघणार कुठून?

आंदोलनं झाली. शाळांच्या बाबतीत ‘कायम’ हा शब्द २००९मध्ये वगळला गेला, ज्युनियर कॉलेजांच्या बाबतीत २०१४मध्ये. शब्द गेला म्हणून पैसे लगेच आले नाहीत. आधी मूल्यांकन, मग ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ अशा याद्या, मग त्रुटींची पूर्तता. शाळांना २० टक्क्यांचा पहिला टप्पा २०१६मध्ये मिळाला, ज्युनियर कॉलेजांना त्यानंतर. पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षक पुन्हा आझाद मैदानावर. तोवर कित्येकांची उमेदीची वर्षं सरली होती. निवृत्तिवेतनाचा प्रश्न तर वेगळाच. १ नोव्हेंबर २००५पूर्वी नेमणूक, पण शंभर टक्के अनुदान त्यानंतर, अशांच्या जुन्या पेन्शनचा वाद न्यायालयात गेला.

प्राथमिक शाळांना आधी पैसा द्या, हा फुल्यांचा आग्रह मला आजही पटतो. पण ज्यांच्यासाठी तो धरला होता, त्यांचीच नातवंडं-पतवंडं आता दहावी होऊन या वर्गांच्या दारात उभी आहेत. त्यांना तिथे शिकवणारा माणूस दुपारनंतर रोजगार शोधत असेल, तर हा नुसता पगाराचा प्रश्न राहत नाही.

अनुवादात मी आधी ‘स्थायी’ लिहिलं होतं, ते खोडलं. ‘कायम’ हिंदीतही आहे, तोच ठेवला. शासनाने तो शब्द वगळला हे खरं, पण मास्तरांच्या नोकरीची वर्षं त्याच शब्दाखाली गेली होती.