अ‍ॅक्रिलिक रंगांची पारख

चित्रकारांसाठीचा अ‍ॅक्रिलिक रंग १९४०च्या दशकात अमेरिकेत अवतरला. न्यूयॉर्कच्या लिओनार्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांचा ‘मॅग्ना’ हा रंग टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा होता. घरच्या घरी रंगवणाऱ्या हौशी माणसाची खरी सोय झाली ती १९५५ मध्ये, सिनसिनाटीच्या हेन्री लेव्हिसन यांनी पाण्यात कालवता येणारा ‘लिक्विटेक्स’ बाजारात आणला तेव्हा.

या रंगाबरोबर पारखण्याची नवी अडचणही आली. ओल्या रंगातले अ‍ॅक्रिलिकचे माध्यम दुधाळ असते. पाणी उडून गेले की ते पारदर्शक होते आणि छटा गडद दिसू लागते. आकाशासाठी अचूक जुळवलेला निळा अर्ध्या तासात सावळा वाटतो. म्हणून कागदाच्या तुकड्यावर पट्टा ओढून तो वाळू देणे हीच भरवशाची कसोटी ठरली.

दुसरी कसोटी नळीच्या पाठीवर असते. रंगाचे नाव मोहक असले तरी खरी ओळख पटते ती रंगद्रव्याच्या संकेतांकावरून: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीआर १०८ म्हणजे कॅडमियम लाल. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेले असेल, तर महागड्या मूळ द्रव्याऐवजी सहसा दुसरीच द्रव्ये वापरलेली असतात. असा रंग टाकाऊ नसतो, पण मिश्रणात तो वेगळा वागतो. एकाच रंगद्रव्याच्या नळ्या घेतल्या, तर मिश्रणे मळकट होण्याचा धोका बराच कमी होतो.