एफ आणि जे वरचा उंचवटा

घाटकोपरला आमच्या मोहल्ल्यात एक हाफिज तरुण आहे. लहानपणीच त्याची नजर गेली. सगळं कुरआन त्याने कानाने ऐकून पाठ केलं. आता तो बी.ए. करतोय. रमजानच्या आधी मोठ्या भावाने त्याला सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला. तो उघडून बसल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, “चाचा, यात इन्सर्टचं बटण कुठंय?”

मी चष्मा लावून शोधलं. दुसऱ्याच एका बटणाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत इन्सर्ट छापलं होतं आणि ते फंक्शन बटण धरल्याशिवाय चालत नव्हतं. उजवीकडचा आकड्यांचा भाग तर नव्हताच. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो झपाझप काम करतो. इथे मात्र त्याची बोटं चाचपडू लागली.

दृष्टिहीन माणूस माऊस वापरत नाही, कारण बाण कुठे आहे ते त्याला दिसत नाही. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं आणि त्याला द्यायचे सगळे हुकूम कीबोर्डवरून द्यावे लागतात. ओळ वाच, शब्द वाच, पुन्हा वाच, थांब. यातल्या बहुतेक हुकुमांची सुरुवात इन्सर्टने होते. ते बटण हलवलं, की त्याच्या पाठ असलेल्या घराचा दरवाजाच हलतो.

तेव्हापासून मी हा इतिहास वाचू लागलो. बोटांनी वाचायची धडपड आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे.

बगदादमध्ये झैनुद्दीन अल-आमिदी नावाचे एक दृष्टिहीन आलिम होते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं निधन झालं. ते पुस्तकांचा व्यापार करत. पुस्तक घेतलं, की कागदाची बारीक वळी करून तिला अक्षराचा आकार द्यायचा आणि ती पुस्तकाच्या आत चिकटवायची, ही त्यांची पद्धत. अरबी अक्षरांना आकड्यांची किंमत असते, त्यामुळे बोट फिरवलं की पुस्तकाचा भाव कळे. ही हकिकत अस-सफदी यांनी लिहून ठेवली. नामवंत दृष्टिहीनांचा एक स्वतंत्र चरित्रकोशच त्यांनी तयार केला होता. फ्रान्समध्ये लुई ब्रेलचा जन्म झाला १८०९ साली, म्हणजे त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी.

कीबोर्डची कथाही इथूनच सुरू होते. इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री याने कॅरोलिना फान्तोनी या दृष्टिहीन मैत्रिणीला स्वतःच्या हाताने पत्रं लिहिता यावीत म्हणून एक लेखनयंत्र बनवलं. त्यावर टाइप केलेली १८०८ पासूनची तिची पत्रं आजही आहेत. बाजारात खपलेला रेमिंग्टन टाइपरायटर आला १८७४ च्या सुमारास. म्हणजे बटण दाबून अक्षर उमटवायचं यंत्र दृष्टिहीन बाईच्या टेबलावर आधी पोचलं आणि डोळसांच्या कचेरीत मागाहून.

आपल्या उपनगरांना टाइपरायटर नवा नाही. १९५५ मध्ये गोदरेजने देशी टाइपरायटर आणला. त्यांची वसाहत आणि कारखाने घाटकोपरला लागूनच, विक्रोळीत. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, कुठल्याही स्टेशनाबाहेर टायपिंग इन्स्टिट्यूटची पाटी असायची. आत ‘एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे’चा खडखडाट. सर ओरडायचे, बोटांकडे बघू नका! डोळसांना जे बळजबरीने शिकवावं लागे, ते दृष्टिहीन विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासूनच करावं लागतं. एफ आणि जे या बटणांवर आज जो बारीक उंचवटा असतो, तो याच शिकवणीसाठी. डाव्या आणि उजव्या हाताची तर्जनी त्यावर टेकली, की बाकीची बोटं आपापल्या जागी बसतात.

मुंबईत दृष्टिहीनांच्या शिक्षणाची सुरुवात शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. अडचण लिपीची होती. भारतात ठिकठिकाणी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत. १९५१ च्या सुमारास भारती ब्रेल ठरलं आणि भारतीय भाषांतल्या सारख्या उच्चाराला शक्यतो सारखे ठिपके मिळाले. मराठीचा ‘क’, उर्दूचा ‘काफ’, इंग्रजीचा ‘के’, तिन्ही पहिल्या आणि तिसऱ्या ठिपक्याने लिहितात. कागदावर उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, ब्रेलमध्ये ती मराठीसारखीच डावीकडून उजवीकडे जाते. भाषांवरून आपण कितीही भांडलो, तरी या सहा ठिपक्यांत त्या एकाच दिशेने चालतात.

पुढे कॉम्प्युटर आला. १९८० च्या दशकात आयबीएममधल्या जिम थॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉसवर चालणारा स्क्रीन रीडर बनवला. त्याला १८ बटणांचा एक वेगळा छोटा कीपॅड जोडावा लागे. टाइप करायची बटणं एकीकडे, ऐकायची दुसरीकडे. अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांचा ‘जॉज’ १९८९ मध्ये आला. त्यात वाचनाचे हुकूम मुख्य कीबोर्डच्याच आकड्यांच्या भागावर बसवले होते. वेगळा कीपॅड लागत नव्हता, पण सॉफ्टवेअरची किंमत सामान्य घराला झेपणारी नव्हती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ सुरू केलं. जेम्स टेह हे दुसरे दृष्टिहीन प्रोग्रामर त्याच्याबरोबर आले. ते मोफत आहे. आमचा हाफिज तेच वापरतो.

लॅपटॉप लहान होत गेले तसा आकड्यांचा भाग गेला, इन्सर्ट कोपऱ्यात गेलं. डोळसांच्या ते लक्षातही आलं नाही. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी मग लॅपटॉपसाठी हुकुमांची वेगळी मांडणी केली. आम्हीही तेच केलं. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची मांडणी ‘लॅपटॉप’ निवडली. इन्सर्टचं काम कॅप्सलॉककडे दिलं. ते डाव्या करंगळीजवळ असतं आणि बहुतेक लॅपटॉपवर हरवत नाही. मोठी अक्षरं हवी असतील, तर ते पटापट दोनदा दाबायचं. चालू ओळ ऐकायला कॅप्सलॉक आणि एल, सलग वाचायला कॅप्सलॉक आणि ए. मग नेलपॉलिशचे थेंब: एक फंक्शन बटणावर, एक एफ फाइव्हवर, एक डिलीटवर. जास्त थेंब त्याने घालू दिले नाहीत. “सगळीकडे खूण केली तर खूण कशी राहील?” म्हणाला. थेंब वाळेपर्यंत बसून राहिलो. त्यापलीकडे काही खर्च नाही.

मराठीसाठी त्याने इनस्क्रिप्ट निवडलं. १९८६ मध्ये ठरलेली ही मांडणी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘के’वर क, शिफ्ट धरून ख. एफच्या उंचवट्यावर ऱ्हस्व वेलांटी, जेच्या उंचवट्यावर र. मराठी टाइपरायटरवर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी मारावी लागे, मग क, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. उच्चारात येईल तसं. युनिकोडमध्येही मजकूर याच क्रमाने साठवला जातो. पहिला क्रम डोळ्याचा, दुसरा कानाचा. कानाने कुरआन पाठ केलेल्या मुलाला दुसरा क्रम समजावून सांगावा लागला नाही. आठवड्याभरात तो मराठीत लिहू लागला.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. मग तो म्हणाला, “चाचा, तुमचा लेख पाठवा ना, वाचतो.” मोहल्ल्याच्या वार्षिक अंकासाठी लिहिलेला लेख मी पाठवला. त्याने कॅप्सलॉक आणि ए दाबलं. मशीनमधून इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा निरर्थक पाऊस पडू लागला. तो थांबला, मी ओशाळलो. लेख मी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. अशा फॉन्टमध्ये वर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. डोळा फसतो. कान फसत नाही, त्याला जे आत आहे तेच ऐकू येतं.

मग मी हिशेब करू लागलो. आपल्या जमातींची, संस्थांची, मंडळांची किती पत्रकं अजून अशा फॉन्टमध्ये आहेत? नमाजच्या वेळा, शिष्यवृत्तीची सूचना, मयतीची खबर, सगळं आपण फोटो करून व्हॉट्सॲपवर टाकतो. त्या मुलाच्या लॅपटॉपवर मी तीन थेंब लावले आणि त्याच्यासाठी बंद असलेली किती पानं माझ्याच हाताने लिहिली, याचा हिशेब लागत नाही.

अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे दृष्टिहीन सहाबी. पैगंबर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते दीन शिकायला आले आणि त्या प्रसंगी सूरह ‘अबसा’ उतरली. पुढे ते मदिन्यात अजान देत. पैगंबर (स.) बाहेर असताना त्यांच्या जागी मदिन्यात मागे राहायची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. आपण हा प्रसंग बयानात अनेकदा ऐकतो आणि घरी येऊन पुन्हा फोटोतलं पत्रक पुढे पाठवतो. शिकायला आलेला माणूस आजही दाराशी उभाच आहे.

तो लेख मी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. दोन संध्याकाळी गेल्या. पाठवल्यावर तासाभरात त्याचा निरोप आला, मराठीत, स्वतः टाइप केलेला. लेखातल्या दोन चुका त्याने दाखवल्या होत्या. दोन्ही बरोबर होत्या. जुने लेख आता एकेक करून बदलतोय.