शब्दवेध : देश

रत्नागिरीत कुणी ‘देशावर गेलाय’ म्हटलं, तर तो आंबा घाट चढून कोल्हापूरकडे गेलाय, एवढाच अर्थ. संस्कृत ‘दिश्’ म्हणजे दाखवणे, त्यातून ‘देश’. मुळात हा शब्द जागेचा, सत्तेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणूनच स्कॉटलंड युनायटेड किंग्डममध्ये राहूनही देशच म्हणवतो, १९९९पासून स्वतःची संसद चालवतो, हे रत्नागिरीकराला चटकन उमगावं.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं दुःख मात्र वेगळं. १८८६ साली ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत झाला आणि त्याच वर्षी राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. नावातला ‘देश’ तेवढा शिल्लक राहिला. खाडीकडे तोंड केलेला त्याचा राजवाडा १९१०चा. १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला १९३७ साली, तोही इंग्रजांच्याच अमलाखाली.