दुकानात वाजलेली मिरजेची तबकडी

परदेशातल्या रेकॉर्डच्या दुकानांत वर्षअखेरीला एक रिवाज असतो. काउंटरवर काम करणारा माणूस सरत्या वर्षातल्या आपल्या आवडत्या अल्बमची यादी लावतो. कंपनीला काय खपवायचं आहे ते सोडून, दिवसभर ऐकणाऱ्या कानांना काय भावलं ते त्यात असतं. आपल्याकडे दुकानदार यादी लिहीत बसला नाही, तो तबकडी लावून देत असे. रस्त्यावरून जाणारा थांबला, तर शिफारस पोचली.

अशी एक शिफारस गदगच्या एका शाळकरी मुलापर्यंत पोचली. मुलाचं नाव भीमसेन जोशी. दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी वाजत होती आणि ती ऐकून आपल्यालाही असंच गायचं आहे, हे मनाने घेतलं, अशी ही सर्वश्रुत हकीकत. 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, हा मुलगा गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. ग्वाल्हेर, जालंधर अशी भटकंती करून अखेर शिकला तो खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे. भीमसेन जोशींचं नाव सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ती तबकडी लावणाऱ्या दुकानातल्या माणसाबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

तबकडी येण्याआधी हे घडणं कठीण होतं. उस्तादांचं गाणं दरबारात, कोठ्यावर किंवा धनिकांच्या बैठकीत. गदगच्या ब्राह्मण शिक्षकाच्या मुलाला तिथे कोण बसू देणार? 1902 साली कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं आणि हा पडदा फाटायला सुरुवात झाली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. ख्याल तेवढ्यात मावत नाही, अशी तक्रार तेव्हाही होती आणि ती रास्तच होती. पण खाँसाहेबांचा बारीक, उंच, सुरात भिजलेला आवाज त्या अडचणीतूनही निसटून बाहेर येतो. झिंझोटीतली 'पिया बिन' ही ठुमरी आजही ऐका, खरखरीच्या पलीकडून सूर सरळ येतो.

खाँसाहेब 1872 साली उत्तरेत किराणा (कैराना) गावी जन्मले. पुढे मिरजेत स्थायिक झाले आणि तबकड्यांवरही 'मिरजेचे अब्दुल करीम खाँ' अशीच ओळख छापली जाऊ लागली. कौतुक वाटतं ते त्यांनी काय काय मुद्रित करून ठेवलं त्याचं. ख्याल-ठुमरी तर आहेच. त्यागराजांची तेलुगू कृती आहे. आणि मराठी नाट्यपदं आहेत, 'मानापमाना'तलं 'चंद्रिका ही जणू' आणि 'उगीच का कांता'. या मराठी शब्दांवर उत्तरेकडचा हेल आहे, लपत नाही, आणि लपवावा असं त्यांना वाटलेलंही दिसत नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'तुमची भाषा कोणती?' हा प्रश्न मराठी मुसलमानाला अजून विचारला जातो, तेव्हा मला लांबलचक उत्तर देण्यापेक्षा ही तबकडी लावावीशी वाटते.

आपल्यातही कुरकुर आहे. मौसिकी जायज की नाजायज, हा वाद जुना आहे, त्यात उलेमांची मतं वेगवेगळी आहेत आणि माझ्यासारख्या बीएड मास्तराने तिथे फतवा काढू नये. पण म्हणून खाँसाहेब 'आपले' नव्हेत असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बाहेरचे म्हणतात तो मुसलमान, आतले म्हणतात तो गवई. मग त्याला सांभाळायचं कोणी?

घरातली फाळणी तर त्याहून बोचरी. बडोद्याच्या ताराबाई माने आणि खाँसाहेब यांचा संसार विसाच्या दशकाच्या सुरुवातीला मोडला. मुलं आईबरोबर गेली, जन्माने अब्दुल रहमान असलेला मुलगा सुरेशबाबू माने झाला, मुलगी हिराबाई बडोदेकर म्हणून गाजली. बाप आणि मुलगी, दोघांच्याही तबकड्या बाजारात विकल्या गेल्या, वेगवेगळ्या आडनावांनी. ज्या गिऱ्हाइकाला ही हकीकत ठाऊक नसेल, त्यालाही दोन्ही ऐकल्यावर सुराचं नातं कळलं असेल.

दुकानांचं म्हणाल तर ती जवळजवळ गेलीच. मुंबईत काळा घोड्याजवळ ऱ्हिदम हाउस होतं. विकत घेण्याआधी ऐकून बघायला तिथे छोट्या केबिन होत्या. 2016 मध्ये तेही बंद झालं. चोर बाजारात अजून जुन्या तबकड्या मिळतात. आता पुढचं गाणं मोबाइल ठरवतो, आणि तो बहुधा काल ऐकलेल्यासारखंच काहीतरी आज पुढे करतो. गदगच्या त्या मुलासमोर त्याने काय ठेवलं असतं, कोण जाणे.

खाँसाहेब 1937 साली मद्रासकडच्या दौऱ्यावर असताना वारले. प्रवासात प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमल कोविल या छोट्या स्टेशनवर उतरले होते. मय्यत मिरजेला आणली. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसाला तिथे दरवर्षी गवई येतात, हिंदूही, मुसलमानही, आणि रात्रभर गातात. भीमसेन जोशीही येऊन गात असत.