आकडा त्याचा, ओझं तिचं?

आजचा विषय ऑफिसमधलं टेन्शन, पण सुरुवात यवतमाळपासून.

जानेवारी २०१९. यवतमाळात ९२वं मराठी साहित्य संमेलन. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं आणि उद्घाटनाला आल्या राजूरच्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. तोवर यवतमाळ म्हटलं की आपण गेलेल्यांचा आकडा मोजायचो. त्या दिवशी मागे राहिलेली बाई बोलली.

ऑफिसातही असंच होतं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, दहातले सात पुरुष. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते, नैराश्य बायकांमध्ये जवळपास दीडपट. मग जास्त त्रास कोणाला? मोजपट्टी बदलली की उत्तर बदलतं.

कायदेही दोन वाटांनी आले. बाईसाठी १९९७ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं, मग २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा. २०१७ला २६ आठवड्यांची प्रसूती रजा आणि ५० कर्मचाऱ्यांच्या ऑफिसला पाळणाघर सक्तीचं. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तणावग्रस्त मानलं. तोवर 'मला जगावंसं वाटत नाही' म्हणायलाही धास्ती होती.

पण पाळणाघर फक्त तिचंच का? आणि 'मर्द रडत नाही' यावर कुठला कायदा? हे दोन प्रश्न एचआरने एकत्र सोडवले, तरच दोघं वाचतील.

कोणालाही बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, १४४१६. चोवीस तास, मोफत. नंबर सेव्ह करून ठेवा.