नदीत पाणी आलं, मासे कुठे गेले?



श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला आपण नदीवर जातो. तिथे म्हाताऱ्या बाया हमखास सांगतात, "इथे डोह होता. मरळ, वाम मिळायची." आता बऱ्याच गावांत नाले खोल झाले, बंधारे झाले, विहिरींना पाणी आलं. मग मासे कमी का झाले? त्यासाठी आपल्या खान्देशातल्या नद्यांचा थोडा इतिहास पाहू.

पांझरा, कान या नद्यांवर आपल्या पूर्वजांनी तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून दगड-चुन्याचे बंधारे बांधले. हीच आपली फड पद्धत. बंधाऱ्यातून पाट निघे. पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असे आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. पावसाळ्यात पूर बंधाऱ्यावरून वाहून जाई. बंधारा बुटका असेल तिथे चढणीच्या माशांना वर जायला वाट मिळे. पाणी अडवलं जाई, पण डोह, वाळू आणि काठची झाडं बहुतेक जागच्या जागी राहत. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणं झाली, तसं फडांचं पाणी कमी झालं.

तापीवर भुसावळ तालुक्यात हतनूर धरण 1982 साली पूर्ण झालं. त्याला 41 दरवाजे आहेत. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ आता धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. तिथल्या उथळ, गाळाच्या पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीची बदकं उतरतात. चक्रवाक येतात, पट्टकदंब येतात. म्हणजे धरणाने काही पक्ष्यांना नवं घर दिलं. पण वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांत वाढणाऱ्या माशांचं घर तिथे बुडालं. साठलेल्या पाण्यात कटला, रोहूचं बीज सोडतात, चिलापीही वाढते. मासा दिसतो, पण तो पूर्वीच्या नदीचा नव्हे.

मग आली नाला खोलीकरणाची वेळ. शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल केले, त्यांत ओळीने सिमेंटचे बंधारे बांधले. तापीकाठच्या जाड गाळाच्या थरामुळे वरून पाणी मुरत नव्हतं. तो थर खोदला, तसं पाणी खाली उतरलं आणि विहिरींची पातळी वाढली. पुढे डिसेंबर 2014 पासून जलयुक्त शिवार अभियानात राज्यभर खोलीकरण झालं. डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला या पाण्याची किंमत कुणी सांगायला नको. आम्हीही ती नाकारत नाही.

पण नदी म्हणजे नुसती टाकी नव्हे. उन्हाळ्यात मासे डोहात तग धरतात आणि पावसाळ्यात तिथूनच सगळीकडे पसरतात. कामासाठी पंप लावून डोह उपसला, तर पुढच्या वर्षीचं बियाणंच गेलं. काही मासे उथळ पाण्यात, गोट्यांत अंडी घालतात. सगळा तळ एकसारखा खोल केला, तर अंडी घालायला जागा कुठे? काठची उंबर, करंज, जांभळाची झाडं गेली, की सावली गेली आणि मुळांतला आसराही गेला. उभ्या कडांमुळे रानातल्या जनावराला पाण्यापर्यंत उतरता येत नाही. आणखी एक गोष्ट. मशीन चालतं एप्रिल-मेमध्ये. त्याच दिवसांत टिटवी नदीकाठी उघड्या जमिनीवर अंडी घालते.

याची झळ आधी कुणाला लागते? भिल्ल, भोई, कोळी घरांना. त्यांतल्या कितीतरी बाया आठवडे बाजारात मासळी विकून घर चालवतात. विहीर भरली, पण टोपली रिकामी राहिली, तर त्या बाईसाठी हे काम अर्धंच झालं.

जगातही लोक हे शिकत आहेत. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार जुनी धरणं 2024 पर्यंत काढून टाकली. त्याच वर्षी सामन मासे धरणांच्या जागेच्या वर पोहोचले. आपल्याला बंधारे फोडायचे नाहीत. पण नदीला वाट दिली तर मासा परत येतो, एवढं त्यातून घेता येईल.

म्हणून बहिणींनो, पुढच्या ग्रामसभेत नाल्याचं काम निघालं, तर गटाने मिळून चार गोष्टी मांडा. डोह उपसू नका. थोडा तळ उथळ, गोट्यांचा राहू द्या. मशीन एकाच काठाने चालवा, दुसऱ्या काठची झाडं राखा. आणि जनावराला उतरायला ठिकठिकाणी उतार ठेवा. सभेला जाण्याआधी गावातल्या मासेमारी करणाऱ्या बायांना विचारा, की डोह कुठे आहेत. त्यांना ते नकाशाशिवाय ठाऊक असतं.